लिहिले, पण उमटले का?

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर नागोठण्यानंतर आणि रोह्याच्या अलीकडे निडी नावाचे एक स्थानक लागते. आजूबाजूला भातखाचरे दिसतात. त्यांतले कोणते खाचर कोणाचे, हे नुसते पाहून सांगता येणार नाही. बांधावर कोणाचे नाव लिहिलेले नसते. ते लिहिलेले असते सातबाराच्या उताऱ्यावर. म्हणजे निडीतील एखाद्या कुटुंबाची जमीन जशी मातीत आहे, तशीच ती एका नोंदीतही आहे. ही नोंद पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात कागदावर असे. आता ती संगणकाच्या डिस्कवर असते आणि १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबाराही मिळू लागला आहे.

मला आज जमिनीविषयी लिहायचे नाही, त्या डिस्कविषयी लिहायचे आहे. प्रश्न अगदी साधा आहे. संगणकाने डिस्कवर काही लिहायला घेतले आणि ते लिहिले गेलेच नाही, तर त्याने काय करावे? माझे उत्तर असे की, त्याने जुनी नोंद जशीच्या तशी ठेवावी, हातातले काम थांबवावे आणि जे झाले ते स्पष्ट सांगावे. तुम्ही म्हणाल, यात विशेष ते काय? हे तर कोणीही सांगेल! पण मौज अशी की, संगणकाच्या जगातल्या अत्यंत हुशार माणसांनाही ही गोष्ट नीट जमायला कित्येक वर्षे लागली, आणि ती अजून पुरती जमलेली नाही.

प्रथम कागदाची रीत पाहू, कारण ती आपल्याला ठाऊक असलेल्या माणसांनी घडवलेली आहे. समजा, निडीतील एका शेतकऱ्याने आपली जमीन दुसऱ्याला विकली. तलाठी (२०२४ पासून या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) लगेच सातबारावरचे नाव खोडून नवे नाव लिहितो का? मुळीच नाही. तो आधी एका वेगळ्या वहीत नोंद करतो. या वहीला फेरफार नोंदवही किंवा गाव नमुना ६ म्हणतात. प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. नोंदीची प्रत चावडीवर लागते, संबंधितांना नोटीस जाते, हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. हरकत आली, तर ती तक्रारी प्रकरणांच्या निराळ्या नोंदवहीत जाते. मग मंडळ अधिकारी नोंद तपासून ती प्रमाणित करतो, आणि त्यानंतरच सातबारावर बदल होतो. ही सगळी रीत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० मध्ये घालून दिलेली आहे. हस्तलिखित सातबाराच्या काळात नोंद मंजूर होईपर्यंत फेरफाराचा क्रमांक सातबारावर पेन्सिलीने लिहीत आणि मंजुरीनंतर शाईने. जुने नावही खरवडून काढीत नसत. त्याला कंस करीत, म्हणजे ते वाचता येई, पण आता लागू नाही हे कळे. नोंद नामंजूर झाली तरी तिचा क्रमांक दुसऱ्या कोणाला मिळत नसे. ‘नामंजूर’ हा शेरा आणि त्याचे कारण यांसह ती वहीतच राही.

या रीतीला उगाच लांबण लावणारी कारकुनी म्हणून हसू नका. लिहिणाऱ्याचा हात मध्येच थांबला तर काय होईल, याचा विचार तिच्यात आहे. तलाठी फेरफार लिहिता लिहिता आजारी पडला, तरी सातबारावर जुने नाव शाबूत आहे. मंजुरी झाली पण सातबारावर नाव चढवायचे राहिले, तरी फेरफाराच्या वहीवरून दुसरा माणूस ते चढवू शकतो. अर्धवट अवस्था कोठेही आली, तरी पुढे काय करायचे ते कागदच सांगतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. संगणकवाल्यांनी हीच युक्ती पुढे आपल्या वाटेने शोधली.

आता संगणकाकडे वळू. तुम्ही शाळेच्या संगणकावर निबंध लिहिता आणि ‘सेव्ह’ची कळ दाबता. त्या क्षणी निबंध डिस्कवर जातो, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात तो जातो संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे वीज गेली की जी पुसली जाते त्या स्मृतीत. डिस्क ही स्मृतीच्या मानाने फार मंद असते. प्रत्येक अक्षरासाठी तिची वाट पाहत बसले, तर सगळे काम रांगेत अडकेल. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाचा सगळा कारभार पाहणारी मूळ व्यवस्था, मजकूर स्मृतीच्या एका पानावर उतरवून घेते, त्या पानावर ‘हे अजून डिस्कवर जायचे आहे’ अशी खूण करते आणि तुमच्या प्रोग्रॅमला सांगते, “झाले.” पुढे सवडीने ती ही खुणेची पाने डिस्ककडे पाठवते. लिनक्समध्ये ही सवड साधारण अर्ध्या मिनिटाची असते. टपालपेटीत पत्र टाकले की आपण ‘पत्र पाठवले’ असे म्हणतो, त्यातलाच हा प्रकार आहे. पेटी अजून उघडलेलीही नसते.

पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी ‘सुरक्षितपणे काढा’ ही सूचना का द्यायची, हे आता तुम्हाला कळले असेल. पेटीतली पत्रे आधी जाऊ द्यायची असतात.

ही वाट पाहणे ज्याला परवडत नाही, अशा प्रोग्रॅमसाठी एक खास आज्ञा असते. तिचे नाव ‘एफसिंक’. तिचा अर्थ असा: “या फाइलची जेवढी पाने स्मृतीत थांबली आहेत, ती सगळी आत्ताच्या आत्ता डिस्कवर पोचव आणि पोचल्यावरच मला उत्तर दे.” बँकेचे किंवा जमिनीचे हिशेब ठेवणारे प्रोग्रॅम प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीनंतर ही आज्ञा देतात. पोच आल्याशिवाय पुढे जायचे नाही, अशी ही व्यवस्था आहे.

इथपर्यंत सगळे ठीक. आता बिघाड पाहू. ते दोन जातींचे असतात, आणि दोहोंत फरक करणे फार आवश्यक आहे.

पहिला बिघाड म्हणजे वीज जाणे. रायगड जिल्ह्यातल्या वाचकांना हा समजावून सांगायला नको. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले, आणि त्यानंतर कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. लिहिता लिहिता वीज गेली तर फाइलचा अर्धा भाग नवा आणि अर्धा जुना अशी खिचडी होऊ शकते. यावर फाइल सिस्टिमने, म्हणजे डिस्कवर कोणती फाइल कोठे ठेवली याचा हिशेब राखणाऱ्या व्यवस्थेने, जो उपाय केला, त्याला ‘जर्नल’ म्हणतात. जर्नल म्हणजे डिस्कवरच राखून ठेवलेली एक नोंदवही. काय बदलायचे आहे ते आधी या वहीत लिहायचे. तिथे नोंद पुरी झाल्याची खूण उमटली की मगच मूळ जागी बदल करायचा. वीज परत आल्यावर संगणक ही वही वाचतो. ज्या नोंदीपुढे पुरी झाल्याची खूण आहे, ती मूळ जागी चढवतो. जिच्यापुढे नाही, ती सोडून देतो. तुमच्या लक्षात आलेच असेल, हा तर गाव नमुना ६ आणि सातबारा यांचाच खेळ! १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएसमध्ये अशी वही होती. लिनक्समध्ये २००१ साली एक्स्ट-३ ही फाइल सिस्टिम ती घेऊन आली. एक भेद मात्र सांगायला हवा. या वहीत बहुधा फक्त ‘कोणती फाइल कोठे’ एवढाच हिशेब लिहिला जातो, फाइलीतला मजकूर नव्हे. मजकुराची काळजी ज्याची त्याने घ्यायची असते.

दुसरा बिघाड असा की, वीज आहे, संगणक चालू आहे, पण डिस्कने लिहायला नकार दिला. डिस्कवरील एखादी जागा खराब झाली असेल, जोडणीची तार सैल असेल, नेटवर्कपलीकडची डिस्क भरून गेली असेल. यात वाईट ते काय? वीज गेली की संगणक सगळे विसरतो आणि नव्याने सुरुवात करतो. डिस्कवर जे आहे तेच खरे मानतो. दुसऱ्या बिघाडात मात्र त्याची स्मृती शाबूत असते. स्मृतीत नवे नाव आहे, डिस्कवर जुने. प्रोग्रॅम चालू आहे, लोकांना उत्तरे देतो आहे, आणि ती उत्तरे स्मृतीतून देतो आहे. निडीच्या ज्या सातबाराचे उदाहरण आपण घेतले, त्याच्यावर खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला नवे नाव दिसते. तो समाधानाने घरी जातो. काही तासांनी ते पान स्मृतीतून बाहेर पडते, पुन्हा डिस्कवरून वाचले जाते, आणि जुने नाव परत येते. कोणी काही खोडले नाही, कोणी लबाडी केली नाही, तरी नोंद उलटली. सरकारी संगणकात असे घडले आहे असे मी म्हणत नाही. ज्या यंत्रणेवर असले काम सोपवायचे, तिच्यात असे घडण्याला वाव असता कामा नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि वाव होता. ‘पोस्टग्रेस’ नावाची एक डेटाबेस प्रणाली आहे, म्हणजे मोठमोठ्या नोंदी सांभाळणारा प्रोग्रॅम. ती जगभर वापरली जाते, फुकट मिळते, तिचा आतला मजकूर कोणालाही वाचता येतो, आणि ती अतिशय काळजीपूर्वक लिहिलेली म्हणून नावाजलेली आहे. तीही आधी वहीत लिहून मग मूळ जागी लिहिणारी. मूळ जागी लिहिताना एफसिंकचे उत्तर ‘चूक झाली’ असे आले, तर ती काही वेळाने पुन्हा एफसिंक करी. दुसऱ्यांदा ‘झाले’ असे उत्तर आले की ती निर्धास्त होई आणि वहीतल्या त्या नोंदींची आता गरज उरली नाही असे समजे. पहिल्या वेळी जमले नाही, दुसऱ्या वेळी जमले. कोणालाही पटेल असाच हा हिशेब होता.

२०१८ साली या प्रणालीवर काम करणाऱ्यांच्या ध्यानात आले की, लिनक्समध्ये त्या दुसऱ्या ‘झाले’चा अर्थ अगदी निराळा आहे. डिस्कने नकार दिला की लिनक्स त्या पानावरची ‘डिस्कवर जायचे आहे’ ही खूणच पुसून टाकत असे! साहजिकच दुसऱ्या वेळी एफसिंकने पाहिले, तर पाठवण्यासारखे एकही पान शिल्लक नाही. मग तिने उत्तर दिले, “झाले.” हे उत्तर शब्दशः खरे होते. करण्यासारखे काही उरलेच नव्हते. पण मजकूर डिस्कवर पोचला नव्हता, आणि वहीतली नोंद आता टाकून दिली जाणार होती. पोस्टग्रेस सुमारे वीस वर्षे अशा भरवशावर चालली होती.

लिनक्सच्या मंडळींना वेड्यात काढण्याची घाई करू नका. त्यांचीही बाजू आहे. ते म्हणाले, लिहिणे फसण्याचे नेहमीचे कारण कोणते? तर कोणीतरी पेनड्राइव्ह ओढून काढला. तो आता खिशात घालून माणूस निघून गेला. त्याच्यासाठी राखलेली पाने आम्ही स्मृतीत किती दिवस सांभाळायची? अशी पाने साठत गेली तर स्मृती भरून सगळा संगणकच बंद पडेल. हा मुद्दा खरा आहे. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने उलट मार्ग धरला होता. ती पानावरची खूण पुसत नाही, पुन्हा पुन्हा लिहून पाहते. दोन्ही घरचे लोक शहाणे, पण दोघांचे नियम निराळे. आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी मात्र एकच नियम सगळीकडे आहे असे गृहीत धरलेले!

माझ्या मते लिनक्सच्या बाजूने चूक झाली ती पान टाकून देण्यात नव्हे. जे वाचवता येत नाही ते टाकावे लागतेच. चूक झाली ती टाकल्याची खबर नीट न देण्यात. जुन्या व्यवस्थेत ही खबर एकदाच दिली जाई, आणि जो प्रोग्रॅम आधी विचारील त्यालाच मिळे. ज्याचा मजकूर बुडाला त्याने नंतर विचारले तर त्याला ‘सर्व ठीक’ असे उत्तर मिळण्याची शक्यता असे. २०१७ साली लिनक्सच्या ४.१३ या आवृत्तीत यात सुधारणा झाली. फाइल उघडून बसलेल्या प्रत्येकाला ती चूक कळावी, अशी तजवीज झाली.

आणि पोस्टग्रेसने काय केले? फेब्रुवारी २०१९ मध्ये तिच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. आता एफसिंकचे उत्तर ‘चूक’ असे आले, की ती दुसऱ्यांदा विचारत बसत नाही. ती मुद्दाम कोसळते! म्हणजे सगळे काम टाकून देते, स्मृतीतले विसरते आणि नव्याने सुरू होऊन आपल्या नोंदवहीवरून हिशेब परत उभा करते. दुसऱ्या जातीच्या बिघाडाचे तिने जाणूनबुजून पहिल्या जातीच्या बिघाडात रूपांतर केले, कारण पहिल्यातून बाहेर कसे पडायचे ते तिला पक्के ठाऊक आहे. मला हा निर्णय फार आवडतो. चालत राहणे म्हणजे कार्यक्षमता, असे आपल्या मनावर बिंबलेले असते. इथे थांबणे ही कार्यक्षमता ठरली.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो शिक्षकांकडूनही येईल. एका खराब जागेसाठी सगळे कामकाज बंद पाडायचे? रोह्याहून निडीहून लोक उतारे घ्यायला आलेले आहेत, बाहेर रांग आहे, आणि आपण ‘यंत्रणा बंद’ अशी पाटी लावायची? आक्षेप गंभीर आहे. पण पुरे बंद आणि पुरे चालू यांच्यामध्ये एक पायरी आहे. लिनक्सच्या एक्स्ट-४ या फाइल सिस्टिमला असे सांगून ठेवता येते की, तुझ्या स्वतःच्या हिशेबात चूक आढळली, तर तू ‘केवळ वाचन’ या अवस्थेत जा. म्हणजे जुने सगळे वाचता येईल, नवे काही लिहिता येणार नाही. रांगेतल्या माणसाला उतारा मिळेल. नवा फेरफार मात्र दुरुस्तीपर्यंत थांबेल. जिथे लोकांच्या हक्काच्या नोंदी आहेत, तिथे हीच अवस्था पहिली निवड असावी, असे मला वाटते. चुकीचा उतारा दहा मिनिटांत मिळण्यापेक्षा नवी नोंद दोन दिवस उशिरा होणे परवडते. चुकीच्या उताऱ्यावरून उभे राहिलेले भांडण कोर्टात किती वर्षे चालते, हे तुमच्या घरच्या मोठ्यांना विचारा.

आक्षेपाचा दुसरा भाग मात्र मला मान्य आहे. प्रत्येक ठिकाणी इतका कडक नियम नको. मोबाइलवरच्या खेळातले गुण लिहिले गेले नाहीत म्हणून मोबाइल बंद पडावा, असे कोणी म्हणणार नाही. गुण गेले तर गेले. कोणत्या लेखनासाठी थांबायचे आणि कोणत्यासाठी नाही, हे माणसाने ठरवायचे आहे. न ठरवता दोहोंना एकच नियम लावणे, आणि तोही ढिला, याला माझा विरोध आहे.

ढिलाई किती होती याची मोजदाद झालेली आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात विजयन प्रभाकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिस्कच्या जागी मुद्दाम खोट्या चुका निर्माण केल्या आणि निरनिराळ्या फाइल सिस्टिम कशा वागतात ते पाहिले. २००५ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. एक्स्ट-३ कित्येक वेळा लेखनातील चुकीकडे चक्क दुर्लक्ष करी. रायझरएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम लिहिणे फसले की सगळा संगणकच थांबवी. निदान नुकसान वाढू नये, हे तिचे धोरण. २००८ साली त्याच विद्यापीठातून आणखी एक अभ्यास आला. डिस्कने दिलेली ‘चूक झाली’ ही खबर ऑपरेटिंग सिस्टिमच्या आत एका भागाकडून दुसऱ्याकडे जात असते. अशा जागा तपासल्या, तेव्हा सुमारे १३ टक्के जागी ती खबर मध्येच गळून पडत होती. निरोप निघाला, पण वाटेतल्या कोणी तो पुढे सांगितलाच नाही. मग २०२० साली याच विद्यापीठातल्या संशोधकांनी तीन फाइल सिस्टिम आणि पोस्टग्रेस धरून पाच नावाजलेले प्रोग्रॅम एफसिंक फसल्यावर काय करतात ते तपासले. कोणाचीच तऱ्हा सर्वस्वी सुरक्षित निघाली नाही. कोसळून पुन्हा उठणारा प्रोग्रॅमसुद्धा फसू शकतो, कारण उठल्यावर तो जे वाचतो ते डिस्कवरचे नसून अजून स्मृतीत रेंगाळणारे पान असू शकते. आहे की नाही गंमत?

या सगळ्यातून एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ‘लिहिले का?’ या प्रश्नाला आपण दोनच उत्तरे धरतो: हो किंवा नाही. खरी उत्तरे तीन आहेत: ‘हो’, ‘नाही’ आणि ‘सांगता येत नाही’. मोबाइलवरून दुकानदाराला पैसे पाठवताना तुम्ही हे तिसरे उत्तर पाहिले असेल. व्यवहार यशस्वी नाही, अयशस्वीही नाही, ‘प्रलंबित’ असतो. त्या वेळी आपण काय करतो? शहाणा माणूस लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवत नाही. पहिल्याचे काय झाले ते आधी पाहतो. एफसिंक फसल्यानंतर प्रोग्रॅमची अवस्था नेमकी अशीच असते. डिस्कवर जुने आहे, नवे आहे की अर्धेअर्धे, हे त्याला ठाऊक नसते. अशा वेळी ‘सांगता येत नाही’ हे कबूल करणारी यंत्रणा मी चांगली समजतो, आणि ‘हो’ म्हणून वेळ मारून नेणारी वाईट.

तुमच्यापैकी काही जण पुढे प्रोग्रॅम लिहितील. त्यांच्यासाठी फाइल बदलण्याची एक जुनी, खात्रीची रीत सांगून ठेवतो. असलेल्या फाइलवर थेट लिहू नका. शेजारी वेगळ्या नावाची नवी फाइल तयार करा आणि तिच्यात सगळा मजकूर लिहा. मग एफसिंक करून तिचे उत्तर तपासा. उत्तर ‘झाले’ असेल, तरच नव्या फाइलला जुनीचे नाव द्या. उत्तर ‘चूक’ असेल, तर नवी फाइल फेकून द्या आणि वापरणाऱ्याला सांगा. जुनी फाइल या सबंध वेळात शाबूत असते, पेन्सिलीची नोंद मंजूर होईपर्यंत सातबारावरचे शाईतले नाव असावे तशी. २००९ साली एक्स्ट-४ नवी नवी वापरात आली, तेव्हा मधली एफसिंकची पायरी गाळणाऱ्या कित्येक प्रोग्रॅमांच्या फाइली वीज गेल्यावर रिकाम्या सापडल्या होत्या. नाव बदलले गेले होते, मजकूर मात्र पोचलाच नव्हता.

शिक्षकांना एक विनंती आहे. आपण मुलांना फाइल कशी साठवायची ते शिकवतो, प्रात्यक्षिक परीक्षेत त्याला गुण देतो; पण साठवणे फसले तर काय दिसते, हे कधीच दाखवत नाही. रसायनाच्या तासाला आपण परीक्षानळी फुटली तर काय करायचे ते आधी सांगतो. संगणकाच्या तासाला मात्र काहीच फुटत नाही असे धरून चालतो. फसलेले लेखन मुलांना मुद्दाम दाखवावे, आणि त्यासाठी डिस्क मोडायची मुळीच गरज नाही.

शाळेत लिनक्स असलेला संगणक असेल, तर त्यात ‘डेव’ नावाच्या कप्प्यात ‘फुल’ नावाची एक खोटी फाइल असते. ती सदैव भरलेल्या डिस्कचे सोंग घेते. तिच्यात काहीही लिहायला गेलात, तर ‘जागा शिल्लक नाही’ असेच उत्तर मिळते; खऱ्या डिस्कला कसलाही धक्का लागत नाही. आता सी भाषेच्या पहिल्या धड्यातला तो प्रसिद्ध प्रोग्रॅम घ्या, जो पडद्यावर ‘नमस्कार जग’ अशा अर्थाची एकच ओळ छापतो. त्याचे छापणे पडद्याऐवजी या खोट्या फाइलीकडे वळवा आणि चालवा. एकही अक्षर उमटणार नाही, कसली तक्रारही दिसणार नाही, आणि प्रोग्रॅम ‘सर्व ठीक’ असा निकाल देऊन संपेल! हेच काम पायथन भाषेत करून पाहा. तिथे छापण्याची आज्ञा मुकाट्याने पार पडेल, पण प्रोग्रॅम संपताना, थांबवून ठेवलेला मजकूर पुढे ढकलायची वेळ आली की तक्रार येईल. दोन्हींत चूक एकच, वेळही एकच. एकाने ती सांगितली, दुसऱ्याने गिळली. मग सीच्या प्रोग्रॅमात शेवटी थांबलेला मजकूर पुढे ढकलणारी ‘एफफ्लश’ ही आज्ञा घाला, तिचे उत्तर तपासा, चूक असेल तर तसा संदेश छापा आणि निकालही ‘फसले’ असा द्या. एवढ्याला तीन-चार ओळी पुरतात. पुन्हा चालवून पाहा. अर्थात एफफ्लश मजकूर फक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती देते. तिथून डिस्कपर्यंतची वाट एफसिंकची आहे, हे आता तुम्हाला निराळे सांगायला नको.